अळ्यांची पूड: डुकराच्या दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात कितपत चालते?

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या सुकवून, तेल काढून केलेली ही तपकिरी पूड मासळीच्या कुटीला पर्याय म्हणून विकली जाते. पर्याय आहे, पण गोणीवरच्या आकड्यावर जाऊ नका. ६० टक्के प्रथिने म्हणजे नायट्रोजन गुणिले ६.२५. अळीच्या कवचातलं कायटिन हे प्रथिन नव्हे, पण त्यातही नायट्रोजन असतो; म्हणून ४.७६ ने गुणलं की तीच पूड ४६ टक्क्यांच्या आसपास येते. ७ ते ११ किलोच्या पिल्लाला खाद्यात पचणारं लायसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) सुमारे १.३५ टक्के लागतं. ते पुडीतून आपोआप भागेल असं धरू नका. अमिनो आम्लांचा अहवाल मागा आणि लायसिन-मेथिओनिनची तूट वरून भरा.

सोयापेंडीपेक्षा हिचा फायदा स्पष्ट आहे: कोवळ्या आतड्याला त्रास देणारी सोयातली प्रथिनं इथे नाहीत.

घोळ होतो तो कॅल्शियमचा. अळीच्या कातडीत ते भरपूर असतं. खाद्यातली चुनखडी तेवढीच ठेवली तर पोटातलं आम्ल मारलं जातं, पचन बिघडतं, हगवण लागते. आधी चुनखडी कमी करा. पुडीची सुरुवात खाद्याच्या ५ टक्क्यांनी, तीही आठवडाभरात हळूहळू वाढवत.

तेल न काढलेला प्रकार स्वस्त वाटला तरी उन्हाळ्यात टाळलेला बरा. मुठीत दाबून पाहा: गोळा झाला आणि खवट वास आला, तर पिल्लं गव्हाणीत नुसतं नाक घालून मागे फिरतात.