दहा सत्रांचं ‘टीन पॅकेज’: पैसे भरण्याआधी

कोथरूड, औंध, बाणेर, हडपसर, कुठेही चौकशी केली तरी किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशनाची पॅकेजेस मिळतात. आठ-दहा सत्रं, प्रत्येक पाऊण तासाचं, पैसे बहुतेकदा आगाऊ. हे परीक्षण एखाद्या केंद्राचं नाही, या रचनेचं आहे.

‘नुसतं बोलायचं तर आहे, नुकसान काय होणार?’ हा समज आधी सोडा. ज्या उपचाराने फरक पडतो, त्याने अपायही होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांना भावना हाताळण्याची कौशल्यं आठ आठवडे वर्गात शिकवली गेली. २०२३ साली निष्कर्ष आले तेव्हा कार्यक्रम संपताच नैराश्य, चिंता आणि आई-वडिलांशी नातं या तिन्हींत त्या मुलांची स्थिती इतरांपेक्षा वाईट होती. बहुतेकांनी घरी फारसा सराव केला नव्हता. ज्यांनी जास्त केला, त्यांचं तुलनेने बरं चाललं. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर मुलांच्या प्रयोगात जवळपास निम्म्यांना सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले, २०२२ च्या निष्कर्षांत सरासरी फायदा शून्य. शाळा किंवा क्लास सरसकट कार्यशाळा ठेवत असेल, तर आधीच त्रासात असलेल्या मुलांची वेगळी सोय काय, हे विचारा.

एकास-एक सत्रांत गाडी वेगळ्या ठिकाणी अडते. चिंतेवर सर्वांत चांगला पुरावा आहे तो टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाण्याचा: आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. पॅकेजमध्ये नेमकं हेच गळतं. दर आठवड्याला त्याच दुःखाची उजळणी होते, ‘अजून तयारी नाही’ म्हणून शाळा बुडत राहते आणि टाळण्याची सवय पक्की होते. पहिल्याच भेटीत आजाराचं नाव चिकटवणं तितकंच वाईट. पंधरा वर्षांचं मूल ते नाव ओळख म्हणून वागवू लागतं.

गट-सत्रांत स्वतःला इजा करणारी मुलं एकत्र बसवली आणि तपशील बोलू दिले, तर एकमेकांकडून शिकणं होतं. वर्गमित्राच्या मृत्यूनंतर लगेच एका बैठकीत सगळ्यांना प्रसंग सांगायला लावणंही टाळावं. मोठ्यांवरच्या प्रयोगांत अशा सक्तीच्या बैठकीचा उपयोग दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला.

आता तपासणी. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र कुणीही लावताना दिसतं, तिथे पदवी आणि देखरेख कोणाची हे विचारा. पहिल्या सत्रात लेखी प्रश्नावलीचे गुण, चौथ्या सत्रात पुन्हा तीच. ध्येय मोजता येईल असं हवं: ‘आठवड्यातून चार दिवस शाळा’, ‘आत्मविश्वास’ नव्हे. पालकांना काय सांगणार आणि काय नाही, हे मुलासमोरच ठरवा. समलिंगी मुलाला ‘सरळ’ करून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठाच. डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय आहे.

सामोरं जाण्याच्या सत्रानंतर एक-दोन दिवस अस्वस्थता वाढणं अपेक्षित असतं. पण झोप, जेवण, हजेरी सलग तीन आठवडे घसरत असेल, तर ‘बरं होण्याआधी वाईट वाटतंच’ हे उत्तर स्वीकारू नका. पद्धत बदला, नाहीतर माणूस बदला. उरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळण्याची अट म्हणूनच पहिल्या दिवशी लेखी घ्या; आगाऊ भरलेल्या पैशांपायी घरं नको त्या उपचारात अडकून राहतात. मरणाची भाषा आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका: मुलाला एकटं सोडू नका, १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला, आणि धोका लगेचचा वाटला तर थेट ससूनच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा.