कधीच उभे न वाढणारे ‘पाइन’

उंच, सरळ आणि वर्षभर हिरवे राहणारे एखादे झाड दारापुढे असावे, या हौसेपोटी मी एका रोपवाटिकेतून ‘पाइन’ची तीन रोपे घेतली आणि अडीच वर्षे जिवापाड जपली, पण त्यांतले एकही सरळ वर गेले नाही. रोप नीट निरखले असते तर ही फसवणूक विकत घेतानाच ध्यानात आली असती, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मुळात ती पाइनची रोपे नव्हतीच. खऱ्या पाइनच्या सुया बहुधा दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्याने येतात आणि जुडग्याच्या बुडाशी पातळ पापुद्र्याचे वेष्टन असते. माझ्या रोपांच्या सुया आखूड, सुट्या आणि डहाळीला दाटीने चिकटलेल्या होत्या. ते अरॉकेरिया हेटेरोफायला, म्हणजे नॉरफोक आयलंड पाइन म्हणून ओळखले जाणारे, पाइनहून वेगळ्या कुलातले झाड निघाले. नावातली ही गल्लत मी सोडूनही दिली असती, कारण हे झाड खरोखर देखणे आहे. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक १७७४ मध्ये प्रशांत महासागरातल्या ज्या नॉरफोक बेटावर उतरला, तिथे ते ५० मीटरहून अधिक उंच वाढते.

खरी लबाडी पुढेच होती. या झाडाच्या मुख्य शेंड्याचे कलम सरळ वाढते. बाजूच्या फांदीचे कलम मात्र मुळे धरूनही फांदीसारखेच आडवे पसरत राहते. एका झाडाला शेंडा एकच आणि फांद्या पुष्कळ, तेव्हा विक्रेत्याने मला काय दिले असेल हे उघड आहे. मी तक्रार केली, तेव्हा “काठी बांधा, सरळ होईल” असे उत्तर मिळाले. मी वर्षभर काठी बांधली. खोड काठीला टेकून उभे राहिले, पण वाढणारे टोक दर वेळी काठी सोडून बाजूलाच वळले. पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर नुसते ‘पाइन’ लिहिलेले होते.

रोप घेताना ते वरून पाहावे. बियांपासून वाढलेल्या रोपाच्या फांद्या खोडाभोवती चारी दिशांना, छत्रीच्या काड्यांसारख्या थराथराने फुटलेल्या दिसतात. माझ्या रोपांना त्या केवळ दोन बाजूंना, एकाच पातळीत, पिसासारख्या होत्या आणि मी त्यालाच डौल समजलो. शेंडा शाबूत आहे ना, हेही पाहावे, कारण तो एकदा मोडला की झाडाचा आकार बिघडतो. कुंडी फारच भरगच्च दिसली तर बुंधे मोजावेत. दाट दिसावे म्हणून एकाच कुंडीत तीन-चार रोपे लावलेली असतात. आणि पावतीवर झाडाचे शास्त्रीय नाव व ‘बियांपासूनचे रोप’ हे शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.