सोसायटीच्या आवाराचं ‘सुशोभीकरण पॅकेज’: काय घ्यावं, काय नाकारावं

एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) किंवा म्हाडाच्या सोसायटीत आवार सुधारायचं ठरलं की ठेकेदाराकडून येणारं कोटेशन बहुतेक ठिकाणी एकसारखंच असतं. ओपन जिमची पाच-सहा यंत्रं, चार बाक, कृत्रिम हिरवळ, मुलांसाठी रबरी फरशी, पेव्हर ब्लॉक, एलईडी दिवे आणि फाटकावर सोसायटीच्या नावाची कमान. हे परीक्षण दोन कसोट्यांवर आहे. मुंबईच्या खारट हवेत आणि पावसात काय टिकतं? आणि कशामुळे माणसं खाली उतरून एकमेकांशी बोलायला लागतात? आमचं मत आधीच सांगतो. पेव्हर आणि दिवे घ्या, पण अटी घालून. बाकांऐवजी कट्टे बांधा. जिम आणि हिरवळ नाकारा. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पॅकेजमध्ये नसतेच, ती वेगळी मागून घ्या.

एसआरएच्या जुन्या इमारतींत घर 225 चौरस फुटांचं, पुढे ते 269 झालं, अलीकडे 300. अशा घरात पाच-सहा माणसं राहतात तेव्हा दहावीतल्या मुलीचा अभ्यास, आजोबांची दुपार, पापडांचं वाळवण या सगळ्याला दाराबाहेरची जागा लागते. चाळीत ती गॅलरी आणि चौक होती. बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या दोन रांगांमधला पॅसेज होता. नळावर, संडासला जाता-येता तिथेच गाठी पडत. वरळीतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 40 मजली इमारतींतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नळ आणि संडास घरात आले, ते यायलाच हवे होते. पण त्यांच्या निमित्ताने होणारी भेट नकाशातून गेली. ती आता मुद्दाम आखावी लागते. आवाराचं काम म्हणजे घराची दुसरी खोली बांधणं आहे, आणि कोटेशनमधली प्रत्येक ओळ त्याच नजरेने तपासायला हवी.

सुरुवात बाकांपासून. पॅकेजमधला बाक म्हणजे ओतीव लोखंडाचे पाय, वर पट्ट्या, तिघांची जागा, आणि चारही बाक कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून एका ओळीत. ओळीत बसलेल्यांना मान वळवून बोलावं लागतं, म्हणून तिथे एकेकटी माणसं मोबाइल घेऊन बसतात. शिवाय पट्ट्यांचे बोल्ट गंजतात, एक पट्टी निघाली की तसलीच दुसरी मिळत नाही. त्याच पैशात विटांचा कट्टा आणि वर कडाप्पा हा पर्याय सगळ्या बाबतींत सरस आहे. उंची 45 सेंटिमीटर, खोली 45, माणशी लांबी 50 धरा. दोन कट्टे काटकोनात बांधा, म्हणजे कोपऱ्यावरची चार-सहा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. कडाप्पा 30 मिलिमीटर जाडीचा घ्या, दर 60 सेंटिमीटरवर खालून आधार द्या, पुढची कड गोल घासून घ्या. भिंतीबाहेर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त काढू नका, नाहीतर त्या कडेवर मुलं उड्या मारतात आणि दगड तुटतो. पुढच्या बाजूला एक सेंटिमीटर उतार ठेवला की पाऊस थांबल्यावर कट्टा लवकर कोरडा होतो.

काळा कडाप्पा दुपारच्या उन्हात इतका तापतो की सहा वाजेपर्यंत बसवत नाही. पश्चिमेचं ऊन येणाऱ्या जागी शहाबादी किंवा फिकट, खरखरीत ग्रॅनाइट वापरा. पॉलिश केलेला कोटा दगड पायाखाली कुठेच नको. जूनच्या पहिल्या सरीत कुणीतरी घसरणारच. दर तीन कट्ट्यांमागे एकाला पाठ आणि हात द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हाताला आधार लागतो. तो नसेल तर आजी कट्ट्यावर बसायचं टाळते आणि जिन्याच्या पायरीवर बसते, कारण तिथे कठडा असतो.

कट्टा कुठे बांधायचा यावर कामाचं निम्मं यश आहे. इमारतीच्या भिंतीपासून किमान तीन मीटर दूर ठेवा. वरून वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी, एसीचं पाणी आणि कधीकधी कचराही खाली येतो. कट्टा रिकामा राहायचं हेच सर्वांत नेहमीचं कारण आहे. माणसं आधीच जिथे रेंगाळतात तिथे बांधा: दूधवाल्याच्या कोपऱ्यावर, लिफ्टच्या लॉबीबाहेर, शाळेच्या बसची वाट बघतात तिथे. ‘छान दिसेल’ म्हणून मागच्या कोपऱ्यात बांधलेला कट्टा रात्री दारू पिणाऱ्यांचा होतो. बायकांसाठी जागा वेगळी विचारात घ्यावी लागते. फाटकाजवळच्या कट्ट्यावर पुरुषांचा घोळका असला की त्या तिथून झपाझप निघून जातात. मुलं खेळतात ती जागा दिसेल, पण फाटकातून सरळ नजर पडणार नाही, अशा ठिकाणी एक कट्टा द्याच. संध्याकाळी भाजी निवडायला बायका खाली येऊ लागल्या की आवार जिवंत झालं असं समजावं.

झाडाभोवती पार बांधायचा तर खोडाभोवती सगळीकडून किमान एक मीटर माती उघडी सोडा. मुळांवर काँक्रीट ओतलं की झाड काही वर्षांत वाळायला लागतं, आणि त्याआधी मुळं पारालाच तडे देतात. फांदी छाटायची असली तरी 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ठेकेदाराने ‘आम्ही बघून घेऊ’ म्हटलं तरी ती परवानगी कागदावर मागा.

पेव्हर ब्लॉक ही चांगली वस्तू आहे, पण ती सर्रास वाईट बसवली जाते. नुसत्या पायी वाटेला 60 मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो. टँकर आत येत असेल तर 80 चा हवा: 10,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच 10 टन असतं. ब्लॉक खचतो तो बहुधा खालच्या थरामुळे. जुनी माती रोलरने दाबलेली नसते, खडीचा थर पातळ असतो, आणि ते झाकायला वाळू जाड पसरलेली असते. वाळू 25 ते 40 मिलिमीटरच हवी. कडेला काँक्रीटचा कर्ब (पक्का काठ) नसेल तर ब्लॉक बाजूला सरकत जातात आणि सांधे उघडतात. उतार 50 ला 1 ठेवा, इमारतीपासून दूर. ड्रेनेज चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्या. हे काम कोटेशनमध्ये लिहिलेलं नसेल तर ठेकेदार झाकणावरच ब्लॉक बसवतो, आणि पहिल्यांदा चेंबर तुंबलं की सगळं उखडावं लागतं. पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प द्या, चढ 12 ला 1 पेक्षा जास्त नको, कठडा 90 सेंटिमीटरवर.

आणखी एक मागणी आग्रहाने करा. गणपतीचा मांडव, नवरात्र, आंबेडकर जयंतीचं व्यासपीठ, हळदीकुंकू हे सगळं याच आवारात होणार. दरवेळी बांबूसाठी ब्लॉक उखडतात आणि परत नीट बसत नाहीत. मांडवाच्या मापाने जमिनीत चार इंची जीआय पाइपाचे दोन फूट खोल तुकडे आधीच गाडून घ्या, तळाशी खडी टाका म्हणजे पाणी मुरेल, वर झाकण. खर्च अगदी थोडा, फायदा दरवर्षीचा.

स्टीलच्या कठड्यांत सर्वांत जास्त फसवणूक होते. कोटेशनवर स्टेनलेस स्टीलची 304 ही ग्रेड लिहितात आणि हलकी 202 बसवतात. चुंबक लावून फरक कळत नाही, कारण दोन्हींना तो जवळजवळ चिकटत नाही. तपासणीचं रासायनिक द्रावण मिळतं, एक थेंब टाकला की रंगावरून कळतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. 202 एक-दोन पावसाळ्यांत तांबूस होतं. समुद्राजवळ 304 वरही डाग पडतात, ते धुतलं की जातात. साध्या लोखंडाला नुसता पावडर कोट पुरत नाही, आधी हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला थर) हवं.

ओपन जिमचा घात इथेच होतो. यंत्राचा पाय जमिनीला मिळतो तिथे पाणी साचतं आणि गंज चढतो, बेअरिंगमध्ये वंगण घालायला कुणी येत नाही, वर्षभरात पायडल अडकतं. समजा टिकलं, तरी व्यायाम करणारा माणूस एकेकटा येतो आणि जातो. कृत्रिम हिरवळ उन्हात तापते, धूळ धरते, आणि निचरा नसला तर पावसात कुबट वास मारते. दोन्ही नकोत. मुलांची रबरी फरशी उपयोगाची आहे, पण दीड मीटर उंचीच्या घसरगुंडीखाली साधारण 50 मिलिमीटर जाडी लागते. 15 मिलिमीटरचा थर नुसता रंगासाठी असतो. काँक्रीट ओतून 28 दिवस झाल्यावर, कोरड्या दिवसांत, नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच ती बसवा. ओल्या काँक्रीटवर बसवली की फुगे येतात. पैसे कमी असतील तर ती सोडून द्या, आणि लगोरी, कबड्डीसाठी मोकळी सपाट जागा ठेवा.

दिव्यांत वॉटपेक्षा रंग बघा. 6500 केल्विनचा पांढरा झोत डोळ्यांत घुसतो आणि त्याखाली कुणी बसत नाही. 3000 केल्विनचे, चार मीटर उंचीचे, संख्येने जास्त दिवे लावा. आयपी 65 चं (धूळ-पाणी आत न घेणारं) आवरण, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यांत तडजोड नको. जोडणीचे डबे पाणी तुंबतं त्या पातळीच्या वर बसवा.

आता पॅकेजमध्ये नसलेली गोष्ट: अभ्यासिका. एसआरएच्या योजनेत बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटी ऑफिस मंजूर नकाशातच असतात. कित्येक इमारतींत कल्याण केंद्राला कुलूप असतं आणि आत जुनं सामान, मंडळाची ढोलकी नि तुटलेल्या खुर्च्या. मंजूर नकाशाची प्रत काढा आणि आधी ती खोली मोकळी करा. 25 चौरस मीटरच्या खोलीत भिंतीकडेने टेबलं लावून वीसेक मुलं बसतात. टेबलाची उंची 75 सेंटिमीटर, माणशी रुंदी 60, टेबलावर 300 लक्स उजेड. पंखे बीएलडीसी घ्या. साध्या पंख्याला 75 वॉट लागतात तिथे हे 30 च्या आसपास घेतात, आणि सामायिक मीटरचं बिल हेच अभ्यासिका बंद पडण्याचं नेहमीचं निमित्त असतं. पहाटे पाच ते रात्री अकरा उघडी हवी, कारण मुलांना शांतता त्या दोन टोकांनाच लागते. चावी एकट्या सेक्रेटरीकडे ठेवू नका. दोन वेगळ्या मजल्यांवर दोन चाव्या ठेवा. दुपारी तीच खोली बचत गटाला, ज्येष्ठांच्या कॅरमला द्या. एका खोलीवर खर्च करायचा झाला तर याच खोलीवर करा. परीक्षेच्या दिवसांत मुलांना आणायला आलेले आईबाप दाराशी थांबतात आणि वेगवेगळ्या मजल्यांची ओळख तिथेच होते.

दोन इमारतींमधली अरुंद गल्ली सुधारायची असेल तर आधी कचरा. मजल्यावरून रोज ठरल्या वेळी उचलणारा माणूस नसेल तर खिडकीतून पिशव्या पडतच राहणार, आणि भिंतीवरचं कितीही सुंदर चित्र ते थांबवत नाही. ती भिंत आतून ओली असेल तर चित्रही पोपडे धरून गळतं. पाइपांची गळती आधी काढा.

मजल्यावरच्या लॉबीत बाकडं किंवा पुस्तकांचं कपाट ठेवायची कल्पना आकर्षक वाटते, पण सुटकेच्या मार्गात आणि रेफ्यूज एरियात (आगीच्या वेळी थांबायच्या जागेत) काहीही ठेवता येत नाही. 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र (आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं) त्यावर अडू शकतं. आवारातही बंबाची वाट मोकळी राहिली पाहिजे. शेड टाकायची तर पालिकेची परवानगी लागते.

देखभालीचा हिशेब आधी मांडा. जुन्या योजनांत विकासकाने प्रत्येक घरामागे 20,000 रुपये ठेव ठेवलेली असते. सहा टक्क्यांनी त्याचं व्याज वर्षाला 1,200, म्हणजे महिन्याला घरटी 100 रुपये. त्यातून लिफ्ट, पंप आणि झाडलोट भागत नाही, तर कारंजं कुठून चालणार? कोपऱ्यावरच्या वेल्डरला, गवंड्याला दुरुस्त करता येणार नाही अशी कुठलीही वस्तू घेऊ नका.

नकाशा पक्का करण्याआधी डिझायनरला चार वेळा बोलवा: सकाळी सात, दुपारी चार, रात्री दहा, आणि एकदा जुलैच्या पावसात. मग खडूने कट्टे आखा आणि मांडववाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्याने आणून पंधरा दिवस तिथे ठेवा. लोक खुर्च्या उचलून जिथे नेतात तिथे कट्टा बांधा. हा बदल मान्य न करणारा डिझायनर घेऊ नका. सर्वसाधारण सभेत ठराव करताना पैसे देण्याचे टप्पे त्यातच लिहा, आणि दहा टक्के रक्कम हातात ठेवा: काम मेमध्ये संपलं तरी ती ऑक्टोबरात, पाणी कुठे साचलं, ब्लॉक कुठे खचला आणि स्टील कुठे तांबूस झालं हे ठेकेदाराबरोबर फिरून बघितल्यावरच द्या.