एपी जीवशास्त्र की कम्युनिटी कॉलेजचे शरीरक्रियाशास्त्र?

आरोग्य-व्यवसायांना वाहिलेल्या अमेरिकी मॅग्नेट (एका विषयावर खास भर देणाऱ्या सरकारी) हायस्कुलांत (ह्यूस्टनचे 1972 मध्ये सुरू झालेले डीबेकी हायस्कूल हे त्यांतले जुने नाव) अभ्यासाची पातळी उंचावायची म्हटले की दोन पर्याय पुढे येतात: एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे हायस्कुलातच शिकवला जाणारा महाविद्यालयीन पातळीचा जीवशास्त्राचा अभ्यासक्रम, किंवा ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे हायस्कुलात असतानाच कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक, मुख्यतः दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात) शरीरक्रियाशास्त्र शिकणे. तिथे शिकणाऱ्या मुलीसाठी कोणता घ्यावा, असा पेच एका परिचित मराठी कुटुंबासमोर आहे.

खर्चाचा मुद्दा किरकोळ आहे: एपी परीक्षेला साधारण 100 डॉलर लागतात, तर ड्युअल एनरोलमेंटचे शुल्क अनेक ठिकाणी माफ असते.

खरा फरक जोखमीचा आहे. एपीची मे महिन्यातील परीक्षा 1 ते 5 गुणांवर मोजली जाते आणि मनासारखे गुण पडले नाहीत तर ते बहुतेक महाविद्यालयांना कळवण्याची सक्ती नसते. उलट कम्युनिटी कॉलेजातील श्रेणी कायमच्या गुणपत्रकावर राहते आणि पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक अर्जात, ती सोळाव्या वर्षी मिळालेली असली तरी, नोंदवावीच लागते. ही बाब शाळेच्या माहितीसत्रांत ठळकपणे सांगितली जायला हवी.

दर्जाच्या बाबतीत एपीचा अभ्यासक्रम देशभर एकच असतो. ड्युअलमध्ये बरेच काही शिकवणाऱ्यावर अवलंबून असते, मात्र हाडे, स्नायू, चेतासंस्था प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हाताळायला मिळतात.

राज्यातच सरकारी महाविद्यालयातून नर्सिंग करायचे असल्यास ड्युअल सरस ठरते, कारण तिथे कम्युनिटी कॉलेजातील क्रेडिट (अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे श्रेयांक) सहसा ग्राह्य धरले जाते. परराज्यातील खासगी विद्यापीठ किंवा डॉक्टरकी डोळ्यांसमोर असेल, तर एपीच घ्यावे.