एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरातलं बटण, सेन्सर आणि आतली कडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातला वन बीएचके, तिसरा मजला. आजी ऐंशीच्या पुढच्या. गुडघे धरलेले, रक्तदाबाची गोळी चालू, बुद्धी तल्लख. एकटीनं राहायचं हे त्यांनी स्वतः ठरवलेलं. मुलगा न्यू जर्सीत, पुतणी कोथरूडला. घरात बसवलं ते असं: सिमकार्डवर चालणारं गळ्यातलं एसओएस (संकटात फोन लावणारं) बटण, तीन हालचाल सेन्सर, दाराचा एक सेन्सर, गॅसगळतीचा अलार्म, गोळ्यांचा घड्याळी डबा आणि न्हाणीघरात आधाराचे दांडे. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी पार पडली, म्हणून आता खात्रीनं लिहिता येतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र सुताराचा. रात्री मुख्य दाराला आतून कडी, वर साखळी, बाहेर सेफ्टी डोअरला आणखी एक कडी. अशा घरात बटण दाबलं तरी शेजारी दारातच उभे राहणार. म्हणून कड्या काढून दोन्ही दारांना बाहेरून किल्लीनं उघडणारे नाइट लॅच बसवले. एकेक जोड समोरच्या काकूंकडे आणि पुतणीकडे. लॅच घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा: आतून खटका अडकवला की काही लॅच बाहेरच्या किल्लीला दाद देत नाहीत. तसा खटका नसलेलाच घ्या. न्हाणीघराचं दार आत उघडत होतं. माणूस दारामागेच पडला तर ते ढकलता येत नाही, म्हणून बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडतं केलं आणि बाहेरून नाण्यानं फिरवता येणारी कडी लावली. बाजारातलं कोणतंही उपकरण घेण्याआधी एवढं करा.

आता बटण. पहिलं आणलं ते फक्त टूजीवर चालणारं निघालं. जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण जिओचं टूजी जाळंच नाही. फोरजी ‘व्होल्टी’चं (VoLTE, म्हणजे फोरजीवरूनच फोन लावणारं) घ्या, आणि पाण्यासाठी आयपी६७ दर्जा आहे ना ते पाहा. तरीही आंघोळीच्या वेळी बटण काढून खुंटीला अडकवलं जातंच, आणि पडलेल्या माणसाचा हात खुंटीपर्यंत पोचत नाही. त्यावर उपाय म्हणून कमोडशेजारी जमिनीपासून साधारण एक फुटावर दुसरं, भिंतीला चिकटवायचं जलरोधक बटण लावलं. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून तीन सेकंद दाबून ठेवल्यावरच फोन लागेल अशी सेटिंग ठेवली. बटणातली आपोआप पडणं ओळखण्याची सोय बंद केली आहे. जोराचा आपटा तिला कळतो; भिंतीला टेकत हळूहळू खाली बसलेला किंवा पलंगावरून घसरलेला माणूस कळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचं पडणं बरेचदा असंच असतं. उलट आरतीच्या टाळ्यांना फोन जात होते.

फोन कोणाला जावा याचा क्रम जिन्यावरून ठरवा, नात्यावरून नको. आधी समोरच्या काकू, मग वॉचमन, मग पुतणी, शेवटी मुलगा. बाहेरदेशी राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: अमेरिकेतून ११२ किंवा १०८ फिरवला तर तो भारतात लागत नाही. जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि रुग्णवाहिकेचा पूर्ण क्रमांक +९१ सह फोनमध्ये हवा.

हालचाल सेन्सर सगळ्यात स्वस्त आणि, नीट लावले तर, सगळ्यात गुणी. कॅमेरा नाही, आवाज नाही, त्यामुळे आजींची हरकत नव्हती. झोपायच्या खोलीत कॅमेऱ्याला त्यांनी साफ नकार दिला आणि तो विषय तिथेच संपला. संपायलाच हवा, घर त्यांचं आहे. पहिला नियम होता: सकाळी साडेआठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नसेल तर सूचना. कागदावर छान, वापरात धोक्याचा. वीज गेली, राउटर बंद पडला, तर सूचना येणारच कशी? गप्प बसलेली यंत्रणा ‘सगळं ठीक’ असंच सांगत राहते. म्हणून नियम उलटा केला. हालचाल दिसली की पुतणी आणि मुलगा दोघांनाही संदेश येतो: ‘स्वयंपाकघर, ७:१०’. साडेआठपर्यंत संदेश आला नाही की पुतणी फोन करते, मग कारण काहीही असो. सेन्सर मेला, नेट गेलं, ॲप झोपलं, सगळं यात पकडलं जातं. एवढा एक बदल या सगळ्या मांडणीत मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सेन्सरच्या ॲपमधली ‘घरा’ची नोंद मुलानं अमेरिकेतून केली होती. त्यामुळे नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली आणि सगळे नियम तासभर सरकले. ॲपमधलं ठिकाण आणि वेळक्षेत्र पुण्याचंच ठेवा.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. हे सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि खोलीची उष्णता यांतला फरक पकडतात. एप्रिलच्या दुपारी खोली पस्तीस अंशांवर गेली की फरक उरतच नाही, आणि माणूस समोरून गेला तरी सेन्सर गप्प. दुपारचे नियम उन्हाळ्यात बंद ठेवावेत, सकाळचे चालतात. सेन्सर माणूस आडवा जाईल अशा कोनात लावा. थेट सेन्सरच्या दिशेनं येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. पंख्यानं हलणारा पडदा आणि ऊन येणारी खिडकी त्याच्या समोर नको.

वाय-फायवर चालणारी स्वस्त उपकरणं २.४ गिगाहर्ट्‌झवरच जोडली जातात. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावानं दाखवत असेल तर जोडणी अडते; जोडताना ५ गिगाहर्ट्‌झ तेवढ्यापुरता बंद करा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस हवाच. फायबरचं नेट असेल तर त्याच्या ओएनटी डब्यालाही (फायबरची तार येते तो) द्या, नुसता राउटर जागा ठेवून उपयोग नाही. दाराचा सेन्सर लोखंडी सेफ्टी डोअरवर लावला तेव्हा चुंबक आणि लोखंड यांचं जमलं नाही. आतल्या लाकडी दारावर, दोन तुकड्यांत सेंटिमीटरभर अंतर ठेवून, बिनतक्रार चालतो.

गॅस अलार्मबद्दल दुकानदारही चुकीचं सांगतात. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभरावर. पाइपचा गॅस हलका, वर चढतो, म्हणून अलार्म छतापासून फूटभर खाली. पाइपचा गॅस आल्यावर जुना अलार्म तिथेच ठेवला तर गळती झाल्यावर तो फार उशिरा वाजेल. कुठल्या गॅससाठी बनवला आहे तेही डब्यावर वाचा. देवघराजवळ आणि शेगडीच्या अगदी वर लावू नका. धूप आणि फोडणीनं वाजत राहतो आणि मग कोणीतरी प्लगच काढतं.

गोळ्यांच्या डब्यावर मी नाराज आहे. वेळेला वाजतो, कप्पा फिरतो, कुलूप आहे. पण गोळ्या पाकिटातून काढून ठेवाव्या लागतात आणि पावसाळ्यात काही मऊ पडल्या. आता आठवड्याभराच्याच भरल्या जातात, आणि कोणती गोळी उघडी ठेवायची नाही ते औषधवाल्याला विचारून.

आधाराचे दांडे: सक्शन कपनं (रबरी वाटीनं) चिकटणारे मुळीच घेऊ नका, ओल्या टाइलवर ते कधी सुटतील नेम नाही. स्टीलचा, पस्तीस मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, भिंतीपासून चारेक सेंटिमीटर सुटा. स्क्रू टाइल आणि गिलाव्यातून विटेत जायला हवेत. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ठोकळ्यांची) असेल तर साधा प्लास्टिक गट्टू धरत नाही, केमिकल अँकर लागतो. बसवल्यावर धडधाकट माणसानं पूर्ण भार टाकून बघावं, मगच आजींना हात लावू द्यावा.

दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही बटणं खरोखर दाबून बघतो, काकूंना आधी सांगून. सेन्सरमधले सीआर२०३२ सेल ॲपनं सांगायची वाट न पाहता दिवाळीच्या साफसफाईत सगळे एकदम बदलले.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवात कड्या आणि दांड्यांपासून करा, मग बटण, मग सेन्सर. ६५ वर्षांवरील आणि कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. ते कमोड खुर्ची, वॉकर, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी आहेत. कमोड खुर्ची त्यातून घेतली तर घरचे पैसे बटणाला उरतात.