फुल बॉडी स्कॅन पॅकेज, जळगाव: आईला घेऊन गेलो तो अनुभव

गेल्या दिवाळीत जळगावच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मी आईचं 'फुल बॉडी स्कॅन' करून घेतलं. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण असंच पॅकेज आता बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि मला बोलायचंय ते पॅकेजबद्दल.

माझं अमळनेरला कृषी केंद्र आहे. आईचं वय ६८. बाबांचा आजार आम्हाला फार उशिरा कळला, ती सल अजून जात नाही. बसस्टँडजवळ फ्लेक्स दिसला, 'आईवडिलांना आरोग्याची भेट द्या', आणि मी दुसऱ्याच दिवशी ९,५०० रुपये भरून टाकले. आई म्हणाली, "आते कसाले? माले काही व्हयेल नही." मी ऐकलं नाही.

सकाळच्या पॅसेंजरने उपाशीपोटी जळगावला पोहोचलो. सेंटर स्वच्छ, दिलेली वेळ पाळली, सांगितलं त्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. फॉर्मवर नाव, वय, मोबाईल नंबर. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. काय त्रास होतो, आधीचा एखादा एक्स-रे आहे का, हेही कोणी विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही. 'स्कॅन' म्हणजे छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी (एक्स-रे वापरून शरीराच्या आतली चित्रं काढणारी तपासणी), हे मला तिथे टेबल बघितल्यावर कळलं.

तिथली टेक्निशियन मुलगी मात्र मनापासून काम करणारी होती. आईचा उजवा गुडघा २०१९ साली बदललाय, तिला उंच टेबलावर चढता येईना. त्या मुलीने स्टूल आणलं, हात धरला, पाठीखाली उशी सारली. गळ्यातली पोत काढायला आईचा हात धजेना, तेव्हा तिने ती रुमालात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मावशी, पाच मिनिटांत परत घाला." मग आतून हिंदीत रेकॉर्ड केलेला आवाज आला, सांस लीजिए, सांस रोकिए. खरोखर पाच मिनिटांत काम झालं.

रिपोर्ट रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर आला. चार पानं इंग्रजी. मूत्रपिंडात साधी सिस्ट (पाण्याची पिशवी), यकृतात थोडी चरबी, आणि उजव्या फुप्फुसात ५ मिलिमीटरची गाठ, 'क्लिनिकल कोरिलेशन सुचवतो', म्हणजे रुग्णाला तपासून याचा अर्थ लावा. 'गाठ' या एका शब्दाने घर हादरलं. सकाळी फोन केला तर काउंटरवरून उत्तर आलं, "तुमच्या डॉक्टरांना दाखवा." पण आमचा डॉक्टर यात होताच कुठे? आम्ही फ्लेक्स वाचून गेलेलो.

पुढचे १७ दिवस मी विसरणार नाही. आईचं जेवण अर्ध्यावर आलं. एका दुपारी घरी आलो तर गोदरेजचं कपाट उघडं होतं आणि ती खाली बसून आपल्या पाटल्या दोन बटव्यांत घालत होती, एक ताईची, एक माझ्या बायकोची. मला पाहिलं तरी ती थांबली नाही.

शेवटी धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी आधी आईशी गप्पा मारल्या. विडी-तंबाखू? नाही. चूल? हो, तीसेक वर्षं, पऱ्हाट्या जाळून. घरात कोणाला क्षय? आईच्या आजीला होता. मग त्यांनी जुना एक्स-रे मागितला. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी काढलेला आम्ही सोबत नेला होता. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून त्यांनी पेनाने दाखवलं: तोच ठिपका, त्याच जागी, तेवढाच. कधीतरी येऊन गेलेल्या क्षयाची खूण, त्यावर कॅल्शियम साचलेलं, म्हणूनच इतकी बारीक असून साध्या एक्स-रेवरही दिसली. आपल्याकडे अशी खूण कितीतरी लोकांच्या छातीत असते. औषध नाही, परत सीटी नाही. "विनाकारण रेडिएशन नको," असं ते म्हणाले.

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. घरी येऊन फिल्मवर बारीक अक्षरांत छापलेला डीएलपीचा, म्हणजे पूर्ण स्कॅनमध्ये दिलेल्या रेडिएशनचा, आकडा शोधला: ९६०. छाती-पोटाच्या सीटीसाठी त्याला ०.०१५ ने गुणलं की साधारण डोस निघतो, म्हणजे १४ मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळालेलं रेडिएशन मोजायचं एकक) आसपास. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पाच-सहा वर्षांचं रेडिएशन पाच मिनिटांत, तेही दुखत-खुपत नसताना. आईच्या वयाला त्याने फार मोठा धोका वाढत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. पण याच फ्लेक्सवर पस्तिशीतल्या जोडप्यांसाठीही पॅकेज आहे, आणि ते मला सहन होत नाही. निरोगी माणसाला संपूर्ण शरीराच्या सीटीचा फायदा होतो याचा पुरावा नाही, असं अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, स्पष्ट सांगतं.

सीटीवर माझा राग नाही. माझा मामेभाऊ पारोळ्याजवळ मोटारसायकलवरून पडला तेव्हा डोक्यात साचलेलं रक्त सीटीनेच दाखवलं, आज तो शेतात राबतोय. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये सीटी बनवणाऱ्या हाउन्सफील्ड या इंजिनिअरच्या यंत्रात पहिली रुग्ण गेली, तेव्हाही तिच्या मेंदूत गाठ असावी असा डॉक्टरांना संशय होता. म्हणजे प्रश्न आधी होता, स्कॅन नंतर.

मे महिन्यात भाच्याच्या बारशाला आम्ही नेदरलँड्सला गेलो. मुंबई विमानतळावर धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना आईचा गुडघा वाजला. परतताना ॲमस्टरडॅमला काचेची केबिन, आत हात वर करून उभं राहायचं. आई जागीच थांबली. "परत तेच मशीन? मी नही जास." मागे रांग खोळंबलेली, तरी तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, यात एक्स-रे नाही, मिलिमीटर लहरी आहेत, आणि नको असेल तर हाताने तपासू. मी आईला समजावलं, ती आत गेली. पडद्यावर नुसती माणसाची बाह्याकृती उमटली आणि कमरेवर पिवळा चौकोन: साडीच्या निऱ्या! बाईंनी निऱ्यांवरून हात फिरवला, झालं. गुडघ्यातला धातू त्या यंत्राला दिसलाच नाही, कारण त्या लहरी कपड्यातून जातात आणि कातडीवरून परततात.

अमेरिकेत २०१३ पर्यंत विमानतळांवर एक्स-रेचे स्कॅनरही होते. त्यांचा डोससुद्धा एका वेळी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) आत. आईच्या सीटीएवढा व्हायला त्यातून लाखाहून जास्त वेळा जावं लागलं असतं. ज्या यंत्रापासून काही धोका नव्हता तिथे आम्ही सगळं विचारलं आणि उत्तरंही मिळाली. जळगावला कोणी 'नको असेल तर' म्हटलं नाही.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही त्या टेक्निशियन मुलीचे. डॉक्टरने कारण लिहून सीटी सांगितला तर याच सेंटरला परत जाईन, जुना एक्स-रे पिशवीत घेऊन. पार्किंग मागच्या गल्लीत आहे. पायऱ्या नऊ, रॅम्प नाही, गुडघेदुखीच्या माणसासोबत दोघं जण जा.