फायर डोअर म्हणून थर्मोकोल भरलेले दरवाजे गळ्यात मारले

ठाण्यात आमची सात मजली बिल्डिंग आहे, सगळी ऑफिसंच, आणि कमिटीत फायरचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. दोन जिने, मजल्यागणिक दोन म्हणजे १४ दरवाजे, सगळे जुने लाकडी. ते काढून १२० मिनिटांचे, म्हणजे दोन तास आग अडवणारे, फायर डोअर बसवायचं ठरलं. दोघांनी एका दरवाजाचे २५-२६ हजार सांगितले, तिसरा म्हणाला साडेचौदात देतो आणि जानेवारी-जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा नीट असल्याचं सहामाही सर्टिफिकेट) पण करून देतो. दरवाजे बसवायच्या आधीच सर्टिफिकेटचं बोलतोय म्हटल्यावर तिथेच डोकं चालायला हवं होतं, पण मीटिंगमध्ये पैसे वाचतायत म्हटलं की आमचे सभासद ऐकतात होय, सगळे म्हणाले यालाच द्या.

दरवाजे दिसायला झकास. पावडर कोटिंग, काचेची खिडकी, वर '१२० मिनिटे' असा चंदेरी स्टिकर, सोबत टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स.

मग चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसला जिन्याच्या दरवाजाला कार्डवालं लॉक हवं होतं आणि मी हो म्हटलं, ही चूक माझीच, कारण सुटकेचा दरवाजा आतून किल्ली-कार्डाशिवाय उघडलाच पाहिजे. पण त्या चुकीमुळेच बिंग फुटलं. इलेक्ट्रिशियनने ड्रिल मारलं आणि बिटाबरोबर पांढरे दाणे बाहेर, त्याच्या हाताला, शर्टला चिकटले. तो हसायलाच लागला, मॅडम हे तर टीव्हीच्या खोक्यात असतं ते!

आता आत पुठ्ठ्याची जाळी निघाली तर लगेच फसवणूक असं नसतं हां, तशा कोअरचे, म्हणजे आतल्या भरावाचे, दरवाजे पण टेस्ट पास होतात. रिपोर्टमध्ये जे लिहिलंय तेच आत आहे का हे बघायचं. म्हणून मी ती झेरॉक्स पहिल्यांदा नीट वाचली (लाज वाटते सांगायला). आयएस ३६१४ (फायर डोअरचं भारतीय मानक) लिहिलेलं बरोबर, पण टेस्ट झालेला दरवाजा एका पल्ल्याचा आणि बिनकाचेचा, आमचे दोन पल्ल्यांचे काचवाले. बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या जागी पांढरा पट्टा. लॅबला मेल टाकला तर उत्तर आलं, हा नंबर दुसऱ्याच उत्पादकाचा आहे.

मग दरवाजाच्या कडेची काळी पट्टी थोडी कापून गच्चीत लायटर धरला. खरी पट्टी उष्णतेने फुगते आणि फट बुजवते, आग आणि गरम धूर जिन्यात येत नाही. आमची वितळून टपाटप खाली, साधा फोम. पत्रा मोजला तर ०.८ एमएम, कोटेशनमध्ये १.२ लिहिलेला. क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारे वरचे दांडे, तेवढे खरे होते, पण दार आपोआप बंद होतं म्हणून चहावाला वैतागायचा आणि आमचेच लोक फायरचा सिलिंडर अडकवून ते उघडं ठेवायचे, म्हणजे खरे दरवाजे असते तरी काय दिवे लागले असते.

ठेकेदाराला ८० टक्के पैसे गेलेत, फोन उचलत नाही, वकिलाची नोटीस "पत्त्यावर कोणी नाही" म्हणून परत आली. तुम्ही घेत असाल तर रिपोर्ट आधी स्वतः लॅबकडून तपासा, ऑर्डरमध्येच लिहून घ्या की आलेल्या मालातला कुठलाही एक दरवाजा आम्ही कापून बघणार, आणि शेवटचा मोठा हप्ता त्यानंतरच.

दोन मजल्यांचे नवीन बसवले, बाकीचे वर्गणी जमेल तसे. काढलेले पार्किंगमध्ये पडलेत. काल भंगारवाला आला होता, एक उचलून बघितला आणि म्हणाला ताई, यात वजनच नाहीये.